भिसे खिंडीतला हाफ क्लच

मस्कतच्या आमच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा रोह्यात पाऊस चांगला स्थिरावलेला असतो. त्यामुळे मी फोनवर "उन्हाळ्याच्या सुट्टीत येते" म्हटलं की आई दरवर्षी सांगते, "उन्हाळा कधीच संपला. छत्री आण."

त्या वर्षी नवऱ्याला रजा मिळाली नव्हती आणि मुलगा पुण्याला कॉलेजात होता. म्हणजे अख्खी सुट्टी मी एकटी आणि पूर्णपणे माझी होते. नववी-दहावीच्या मुलांना वर्षभर भौतिकशास्त्र शिकवल्यावर माणसाला फक्त झोप हवी असते. मीही तेवढंच ठरवून आले होते. सामान उघडून आईसाठी आणलेला खजूर डब्यात भरतेय तोच पेणहून मैत्रिणीचा फोन आला.

"आलीस ना गो? मग पेणला ये. काम हाय."

"काय काम?"

"फोनवर सांगायचं नाय."

शाळेत आम्ही तिघी एका बाकावर बसायचो. एक लग्न होऊन पेणला गेली. एक पूल ओलांडून अष्टमीला गेली आणि तिथे अंगणवाडी चालवते. तिसरी मी, समुद्र ओलांडून गेलेली. अष्टमीची मैत्रीण रविवारी माझ्याबरोबर निघाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण 'काम' हा शब्द कानावर पडल्यावर तिला घरी बसवणं शक्य नव्हतं.

पेणच्या मैत्रिणीच्या घरात पाऊल टाकलं की आधी डबे दिसतात. पत्र्याचे मोठे चौकोनी डबे, भिंतीला लावून छतापर्यंत रचलेले. पोह्याचे पापड, उडदाचे पापड, मिरगुंडं. ती आणि आळीतल्या काही बायका मार्च ते मे सगळ्या गच्चीभर हेच घालतात आणि उन्हात वाळवतात. मग पावसाळाभर माल विकायचा आणि गणपतीच्या आत डबे रिकामे करायचे, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. माल पोचवायचं काम तिच्या नवऱ्याचं. तो नागोठण्याजवळच्या एका कंपनीत कामाला. सुट्टीच्या दिवशी पांढरी जुनी व्हॅन काढायची, डबे भरायचे आणि नागोठणं, रोहा, अष्टमी असं करून परत यायचं. आम्ही त्यांना भावोजी म्हणतो. अंगाने आडवे, बोलायला कमी, आणि गाडी अशी चालवायचे की मागे ठेवलेला एक पापड मोडत नसे.

त्या दिवशी व्हॅन अंगणात निळ्या ताडपत्रीखाली उभी होती. भावोजी आत खाटेवर बसले होते. साखरेने त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. घरात वावरता येत होतं, कंपनीने बसून करायचं काम दिलं होतं, पण डॉक्टरांनी गाडी बंद केली होती.

"व्हॅन काढून टाकतोय," ते मला म्हणाले. "वडखळचा एक जण बघून गेलाय. गणपतीच्या आधी नेतो म्हणाला."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मैत्रिणीने आम्हा दोघींना आत स्वयंपाकघरात ओढलं आणि कढईत पापड सोडत, त्याच्या आवाजाच्या आडोशाने विचारलं, "तू तिकडे गाडी चालवतेस ना?"

"रोज."

"मग मला शिकव."

"शिकवते," मी म्हणाले. वर्गात पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारणाऱ्या मुलालाही मी याहून जास्त वेळ थांबवते.

तिने सगळी तयारी केली होती. लर्निंग लायसन्स काढून महिना झाला होता. गाडी शिकवणाऱ्या एका क्लासलाही ती चार दिवस जाऊन आली होती. तिथला शिकवणारा पोरगा सगळे पेडल स्वतःच दाबायचा आणि वर म्हणायचा, "मावशी, आता या वयात कशाला?" पाचव्या दिवशी ती गेली नाही.

"आणि भावोजी?" अष्टमीवालीने विचारलं.

"त्यांना सांगितलं नाय असं नाय. सांगितलं. ते काय बोललेच नाय."

पापड तळून झाले. आम्ही ते खाल्ले, आणि मी परवा सकाळी येते असं सांगून निघाले. एसटीत बसल्यावर अष्टमीवालीने माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "तुझ्या गाडीला गियर असतात ना गो?"

नसतात. मस्कतमधली माझी गाडी ऑटोमॅटिक. शिवाय तिकडे सगळी वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे. गियर बदलायला मी शेवटचं कधी हात लावला होता ते आठवलं तर लग्नाआधीचं रोहा आठवलं. तेव्हा इथेच शिकून लायसन्स काढलं होतं. ते वेळच्या वेळी नवं करून घेत आले, म्हणून कायद्याने मी तिच्या शेजारी बसायला पात्र होते. प्रश्न फक्त पायांचा होता. पण मला त्याची भीती वाटली नाही, हे खरं सांगते. जे एकदा येत होतं ते पुन्हा येईल, एवढा भरवसा शिकवणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल असावाच लागतो.

घरी मात्र कोणाला भरवसा नव्हता. भाऊ शिफ्ट करून आला होता. जेवता जेवता म्हणाला, "ताई, तुला इथल्या रस्त्यांची सवय राहिली नाय. आणि आधीच सांगून ठेवतो, माझी गाडी मागू नको."

"मागितली का?"

"मागशील म्हणून सांगतो."

आई वेगळ्याच गोष्टीवर नाराज होती. "आलीस माझ्याकडे, आणि आता रोज पेणला जाणार. मग मी तुला बघायची कधी? एसटी स्टँडवर?"

"रोज नाही जाणार, आई. एक दिवसाआड."

"म्हणजे अर्धी सुट्टी तिची आणि अर्धी माझी," आई म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला, मी नको म्हणत असताना.

पहिल्या दिवशी मी मैत्रिणीला शेजारी बसवलं आणि स्वतः चाकावर बसले. आधी आपला हात बसवून घ्यावा हा विचार. पेणच्या बाहेर खाडीच्या अंगाला खारीतून, म्हणजे खारजमिनीतून, जाणारा एक सरळ, उंचावरचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. वाहन क्वचित. तिथवर गाडी भावोजींच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याने आणून दिली आणि तो हात झाडत गेला. मी चावी फिरवली, उजवा हात सवयीने गियरसाठी खाली नेला, तो दाराच्या हँडलवर आदळला. वळायचं म्हणून दिवा लावायला गेले तर वायपर चालू झाले. क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. दोनदा. तीनदा.

खाचरात लावणी चालली होती. वाकलेल्या बायका हळूहळू सरळ झाल्या. एक ओरडली, "गो बाय, गाडी शेतान नको घालू! रोपं आताच लावलीत!"

मैत्रीण हसली नाही. तिने शांतपणे विचारलं, "तुला येतं ना नक्की?"

"मी तिकडे बिनगियरची चालवते," मी सांगून टाकलं. "हे पूर्वी येत होतं. दोन दिवस दे मला."

"बिनगियरची?" ती विचार करत म्हणाली. "मग ती गाडी चालवतेस का तीच तुला फिरवते?" आणि मग ती हसली, आणि खाचरातल्या बायकाही काही न ऐकता हसल्या.

मी दोन दिवस त्या रस्त्यावर एकटीने ये-जा केली. हात बसला. पाय बसले. तिसऱ्या खेपेला मी जागा बदलली आणि शिक्षकाच्या जागेवर, म्हणजे डावीकडच्या सीटवर बसले. तिथे मला कसलीच शंका नव्हती.

शिकवणं म्हणजे काय असतं, हे मला वीस वर्षांत कळलंय. येणाऱ्या गोष्टीचे तुकडे करायचे आणि एका वेळी एकच तुकडा द्यायचा. सगळा एकदम दिला की मूल घाबरतं आणि मग म्हणतं, मला जमत नाही. त्या क्लासातल्या पोराने तिला पहिल्याच दिवशी बाजारातून नेलं होतं. मी शिकवायच्या पहिल्या दिवशी गाडी सुरूच केली नाही. बंद गाडीत तिने नुसते गियर टाकले, आधी बघून, मग माझ्याकडे तोंड करून, मग डोळे मिटून. बाहेर पाऊस टपावर वाजत होता, काचा आमच्या श्वासांनी धुरकटल्या होत्या, आणि ती शाळेतल्यासारखी म्हणत होती, "पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा."

क्लच समजवायला मी तिच्याच घरातल्या दोन स्टीलच्या ताटल्या घेतल्या. एक इंजिन, एक चाक. एकमेकींवर ठेवून वरची फिरवली की खालचीही फिरते. वरची उचलली की खालची थांबते. "आणि अशी हलकेच टेकवली तर?" मी विचारलं.

"घासत घासत हळू फिरते."

"तोच क्लच. एकदम सोडलास की ताटली ताटलीवर आपटते, म्हणून गाडी उडी मारते."

ती ताटल्यांकडे बघत राहिली. "एवढंच हाय? मग त्या पोराने सांगितलं का नाय?"

तिथून ती पुढे पळाली. अष्टमीवाली सुट्टी असेल तेव्हा मागे बसायला यायची आणि समोरून म्हैस दिसली तरी "ब्रेक गो, ब्रेक!" म्हणून ओरडायची. त्याचाही उपयोग झाला. तिच्या ओरडण्याने जी घाबरत नाही, ती महामार्गावरच्या हॉर्नने काय घाबरणार? महिना संपेस्तोवर मैत्रीण खारीचा रस्ता, मग गावातला रस्ता, मग बाजाराच्या कडेने, असं करत तिसऱ्या गियरवर आली होती. लावणीवाल्या बायका आता गाडी दिसली की हात करायच्या.

घोडं अडलं ते चढावर.

गावाबाहेरच्या एका पुलाच्या चढावर पुढे टेम्पो थांबला म्हणून आम्ही थांबलो. टेम्पो निघाला. मैत्रिणीने ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेला, तेवढ्यात व्हॅन मागे घसरली. मागे रिक्षा होती. मी हँडब्रेक खेचला. रिक्षावाला आणि आमच्यामध्ये एका माणसाला जेमतेम उभं राहता येईल इतकीच जागा उरली होती. तो खूप काही बोलला. मी खाली उतरून त्याची माफी मागितली, मग मैत्रिणीला म्हटलं, "तू सरक, मी काढते." मीही काढू शकले नाही. दोनदा गाडी बंद पाडली, एकदा मागे घेतली. शेवटी त्या रिक्षावाल्यानेच व्हॅन वर नेऊन ठेवली.

घरी अंगणात गाडी लावून मैत्रीण म्हणाली, "रोह्याला जाताना भिसे खिंड हाय. नुसतं नागोठण्यापर्यंत जाऊन काय करू मी? माझा अर्धा माल रोह्यात आणि अष्टमीत जातो. चढ जमला नाय तर सगळं फुकट."

चढ कसा शिकवायचा हे मला माहीत नव्हतं. तत्त्व माहीत होतं. फळ्यावर आकृती काढून उतारावरच्या वस्तूवरची बलं मी डोळे मिटून दाखवली असती. पण पाय नेमका कुठे थांबवायचा हे माझ्या पायाला कळत नव्हतं, आणि जे पायाला कळत नाही ते दुसऱ्याच्या पायाला कसं सांगणार? त्या घरात ते ज्याच्या पायाला कळत होतं तो माणूस आत खाटेवर बसला होता.

मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले. "भावोजी, चढावर गाडी कशी काढायची ते आम्हाला येत नाही. तुम्ही दाखवा."

ते म्हणाले, "वडखळवाला येणार हाय."

"येऊ दे. तोवर दाखवा."

"मला दिसत नाय."

"क्लच दिसायला डोळे कशाला लागतात?"

मैत्रीण दारात उभी होती. ती पुढे येऊन म्हणाली, "मी तुमची गाडी विकू देणार नाय म्हणून शिकत नाय. माझा माल हाय म्हणून शिकते. मी डबे डोक्यावर घेऊन एसटीने जाऊ का?" तिच्या आवाजात रडणं नव्हतं, चिडणंही नव्हतं. ती विचारत होती.

भावोजी उठले. चप्पल शोधली. "चल," म्हणाले.

त्यांच्या अंगणातून रस्त्यावर चढायला सिमेंटचा छोटा चढ होता. व्हॅनचं तोंड रस्त्याकडे करून मी ती त्याच्यावर उभी केली आणि चाकांमागे दगड लावले. भावोजी चाकावर बसले. कित्येक महिन्यांनी बसले असतील. त्यांनी सीटला पाठ टेकवली, आरसा सवयीने हलवला, आणि मग आपल्याला त्यात नीट काही दिसत नाही हे आठवल्यासारखा हात खाली घेतला.

"हाफ क्लच म्हणतात याला," ते म्हणाले. "क्लच सोडत यायचा. गाडी बोलते तेव्हा थांबायचं. मग ब्रेक सोडायचा. झालं."

"काय बोलते?" मी विचारलं.

"ते कळतं."

"कसं कळतं?"

"अहो कळतं म्हणजे... कळतं. गियर टाकला की कळतं."

मला हसू आलं. त्यांना येत होतं पण सांगता येत नव्हतं. मला सांगता येत होतं पण येत नव्हतं. "करा तुम्ही," मी म्हटलं. "मी बघते." आणि भर अंगणात, ओल्या सिमेंटवर, मी उघड्या दाराशी उकिडवी बसून त्यांच्या पायाकडे बघत राहिले. व्हॅन फूटभर वर जायची, थांबायची, दगडाला येऊन टेकायची. पुन्हा.

"आवाज जाड होतो का बारीक?"

त्यांनी ऐकलं. "जाड होतो. बसतो आवाज."

"तुमची टाच हलत नाही."

"टाच?"

"टाच खाली टेकलेलीच आहे. नुसता चवडा वर येतोय. ती पूर्ण पाय उचलते, म्हणून एकदम सुटतो."

भावोजींनी स्वतःच्या पायाकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचा होता. "खरंच की," ते म्हणाले.

मी त्याचे चार शब्द केले. टाच, आवाज, थांब, सोड. टाच टेकव, आवाज जाड होईस्तोवर क्लच सोडत ये, तिथे पाय थांबव, आता हँडब्रेक सोड. मैत्रीण चाकावर बसली. भावोजी शेजारी, कान इंजिनाकडे लावून. त्या व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं, त्यामुळे आवाजाबरोबर त्याची गरमीही अंगाला लागते. "आता," ते म्हणायचे. "आता बोलली बघ." पहिल्यांदा बंद पडली. नंतर जी चढली ती चढतच राहिली. संध्याकाळपर्यंत मी पण तीन-चार वेळा करून घेतलं. मलाही ते शिकायचंच होतं.

पुढच्या आठवड्यात तिने पहिल्यांदा डबे भरले आणि मी शेजारी बसले. भावोजींना चला म्हटलं, तर ते म्हणाले, "मी येऊन काय करू? तुम्ही जा." त्या दिवशी वडखळला मोठे ट्रक अंगावर येत होते, महामार्गावर खड्डे चुकवताना तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती, पण ती थांबली नाही. खिंडीत वाहनच नव्हतं, त्यामुळे गाडी न थांबता वर गेली आणि परीक्षा झालीच नाही. अष्टमीच्या दुकानदाराने तिला चाकावरून उतरताना पाहिलं आणि विचारलं, "शेट कुठे?" ती म्हणाली, "शेट पेणला. माल मोजून घ्या."

रात्री ती आमच्याकडेच राहिली. आईने तिच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि वाढता वाढता सहज म्हणाली, "उद्या परत पेणला जाणार ना तुम्ही? पुढे जिते कितीसं लांब हाय? माझी बहीण तिथे हाय. दोन वर्षांत मी तिला पाहिली नाय."

भाऊ म्हणाला, "आई, मी नेतो ना तुला, रजा मिळाली की."

"तुझी रजा म्हाताऱ्या बायांना परवडत नाय," आई म्हणाली. "मी यांच्याबरोबर जाते."

"काकू, मला अजून पक्कं लायसन्स नाय," मैत्रीण म्हणाली.

"मग काय झालं? शेजारी मास्तरीण बसलीय."

सकाळी आम्ही निघालो. मैत्रीण चाकावर, तिच्या शेजारी मी, मागे रिकाम्या डब्यांमध्ये आई आणि अष्टमीवाली. आईने नेसायला चांगलं नऊवारी काढलं होतं आणि बहिणीसाठी कसल्या कसल्या पुरचुंड्या बांधल्या होत्या. पाऊस बारीक होता. खिंडीचा चढ अर्धा झाला आणि पुढचा लोखंडाच्या सळया भरलेला ट्रक जागच्या जागी उभा राहिला. आम्ही थांबलो. मागे एसटी येऊन थांबली, इतक्या जवळ की आरशात फक्त तिचं लाल तोंड दिसत होतं.

सळयांची टोकं आमच्या काचेच्या पुढे हलत होती. ट्रकने धूर सोडला आणि निघाला. एसटीने हॉर्न वाजवला.

मी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. परीक्षेच्या वेळी शिक्षकाने बोलायचं नसतं. पण मागून अष्टमीवालीचा आवाज आला, या वेळी हळू, पुटपुटल्यासारखा. "टाच. आवाज. थांब. सोड."

"काय मंत्र म्हणताय गो?" आईने विचारलं.

मैत्रिणीने मान किंचित कलती केली, जशी भावोजी करायचे. सीटखाली इंजिनाचा आवाज बसला. तिने हँडब्रेक सोडला. व्हॅन क्षणभर जागेवर थरथरली, आणि मग एक बोटभरही मागे न येता वर निघाली. वळण आलं, दुसरं वळण आलं. खिंडीच्या माथ्यावर तिने गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. एसटी आम्हाला मागे टाकून गेली.

"थांबलीस कशाला?" आई म्हणाली. "जिते इथे नाय."

मग आम्ही चौघी इतक्या हसलो की अष्टमीवालीच्या मांडीवरचा डबा खाली गडगडला.

पेणच्या नाक्यावर भावोजी छत्री घेऊन उभे होते. कुणी त्यांना यायला सांगितलं नव्हतं. मैत्रिणीने गाडी थांबवली. त्यांनी कान देऊन इंजिन ऐकलं, टायरला पायाने ठोकलं, आणि मागचं दार सरकवून आईच्या शेजारी बसले. "काकू, सरका जरा," म्हणाले. हमरापूर मागे पडलं. मग सहज म्हणाले, "वडखळवाल्याला नाय सांगून टाकलं."

मैत्रिणीने आरशात त्यांच्याकडे पाहिलं. "पुढे बघ," ते म्हणाले.

जित्याला मावशीच्या घरी आई आणि मावशी ओटीवर बसल्या त्या दुपार होईस्तोवर उठल्याच नाहीत. दोघींना एकमेकींचं अर्धंच ऐकू येत होतं, त्यामुळे दोघी एकदम बोलत होत्या. मी आत जेवणाला हातभार लावत होते आणि तो आवाज ऐकत होते. सुट्टीत आईला मी काय द्यायचं ठरवलं होतं ते आता मला आठवत नाही. जे दिलं ते हे. परतताना आई म्हणाली, "तू पेणला जात होतीस ते बरंच केलंस." आईच्या तोंडून एवढं निघालं, पुरे झालं.

माझी निघायची वेळ आली तेव्हा मैत्रीण म्हणाली, "विमानतळावर मी सोडते."

"मुळीच नाही," मी म्हणाले. "तुझ्यावर माझा विश्वास आहे. पनवेलच्या पुढच्या गर्दीवर नाही." ती रागावली, पण भावोजींनी माझी बाजू घेतली. त्यांना माझी बाजू घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पक्क्या लायसन्सची परीक्षा मी गेल्यानंतर झाली. पहिल्या वेळी ती उलटी गाडी घेताना खांबाला लागली आणि नापास झाली. फोनवर मला म्हणाली, "मागे जायला शिकवलंच नाय तू नीट." ते खरं होतं. सगळा वेळ आम्ही चढावर घालवला होता. मग भावोजींनीच तिला अंगणात दोन बादल्या ठेवून मागे यायला शिकवलं. कसं सांगितलं, कोणास ठाऊक.

एक दिवस मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. भावोजी होते. त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता.

"पास झाली," ते म्हणाले.

"बाकी?"

"बाकी काय? पास झाली." मागे तिचा आवाज येत होता, गाडीत डबे ठेवा म्हणून. "ठेवतो," ते म्हणाले, आणि फोनच ठेवला.

स्टाफरूममध्ये पेढे कुठून मिळणार? टेबलावर खजुराचा डबा होता, तोच सगळ्यांपुढे फिरवला. केरळच्या सहकारी बाईंनी एक उचलला आणि विचारलं, "मुलगा पास झाला का?"

"नाही, मैत्रीण."

"कशात?"

"ड्रायव्हिंगमध्ये. चढावर."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि आणखी एक खजूर उचलला. घंटा झाली. मी दहावीच्या वर्गावर गेले. त्या दिवशी घर्षणाचा धडा होता, आणि तो मी फार छान शिकवला.